एक हात, तीन मैदानं

एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे सात. सडा, म्हणजे कातळाचं पठार, तापायला अजून तासभर अवकाश होता. देवगड तालुक्यातल्या आमच्या शाळेला सपाट जागा म्हणजे मागचा हा कातळ. बाकी सगळा उतार, कलमांच्या बागा आणि खाली समुद्र. बेसबॉलचा सराव आम्ही इथेच घेतो. त्या दिवशी आठवीतला आमचा मुख्य पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, एकामागून एक सहा चेंडू कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून ते झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून टाकत होता. हा मुलगा वेगासाठी नव्हे, अचूकपणासाठी ओळखला जायचा. मी लांबून ओरडलो, "कोपर वर घे रे, खाली पडतंय." त्यानं घेतलं. सातवा चेंडूही वरूनच गेला. मग त्यानं हात खाली सोडून झटकला, पाणी झटकावं तसा.

"दुखतंय का रे?"

"नाय सर."

दोन्ही हात पुढे करून तळवे वर करायला सांगितलं. डावा सरळ झाला. उजवा कोपरात थोडा वाकडाच राहिला.

"सरळ कर बघू."

"झालो सर. एवढोच होता."

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, त्यावर मी अंगठा ठेवला. दाबलाही नव्हता, तोच त्यानं श्वास ओढून घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण हात त्यानं मागे घेतला नाही. मागे घेतला तर संघातून नाव जाईल, अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. सराव तिथेच थांबवला.

या मुलाचं आणि गावाचं नाव इथे देत नाही. पण त्याच्या हाताला काय झालं, कशामुळे झालं आणि पुढचे सहा महिने आम्ही काय केलं, ते सगळं लिहून ठेवतो आहे. कोकणातल्या पुष्कळ शाळांत असा एखादा हात असणार, आणि त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसणार.

मुलगा कुठून मिळाला

शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे. आमच्या जिल्ह्यात संघ मोजके, त्यामुळे विभागापर्यंत पोचायची संधी जास्त. आम्ही कोल्हापूर विभागात येतो आणि तिथे गेल्यावर मात्र खरी कसोटी लागते. दहावीला खेळाच्या वाढीव गुणांची आशाही असतेच, आणि पालक मुलाला संघात पाठवतात त्यामागे ती असते. त्यात वावगं काही नाही.

हा मुलगा मला मैदानावर नव्हे, बागेत सापडला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आजोबांच्या बागेत गेलो असताना त्यानं एका कलमाच्या शेंड्यावरच्या वानराशेजारची फांदी दगडानं अशी नेमकी टिपली की टोळी पुढच्या बागेत पळाली. अंतर सहज 30 मीटर. आजी कौतुकानं म्हणाली, "ह्यो नसतो तर वांदरांनी एक आंबो ठेवलो नसतो." मी त्याला दुसऱ्या दिवशी ग्लोव्ह दिला. त्याच्या हातातली ती नजर वानरांनीच घडवली होती. त्याच दगडांचा या दुखण्यात वाटा होता, हे मला कळायला पुढे बराच काळ गेला.

दुखणं उघड झालं तेव्हा वय 13. शाळेच्या आरोग्यपत्रकावर त्याची उंची वर्षात 8 सेंटिमीटरनी वाढलेली होती. ही नोंद मी तेव्हा नुसतीच वाचली. त्या वयात हाडं झपाट्यानं लांबतात, स्नायू मागे पडतात आणि काल जमणारी फेक आज वेगळीच पडते. उंची वाढत असते ते महिने पिचरसाठी सगळ्यांत नाजूक.

डॉक्टरांनी काय दाखवलं

माझ्याकडे येण्याआधी घरी उपाय झाले होते. आजीनं हळदीचा लेप लावला होता. शेजारच्या गावातल्या एकानं "नस सरकली आहे" म्हणून कोपर धरून ओढलं होतं. हे कळलं तेव्हा मला घाम फुटला. वाढत्या मुलाचा दुखरा सांधा ओढणं, चोळणं, मोडणं, यातलं काहीही करू नये. लेपानं नुकसान होत नाही, ओढल्यानं होऊ शकतं.

कणकवलीला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे दोन्ही कोपरांचा काढायला सांगितला. आजोबा कुरकुरले, "डाव्याक काय झालाहा? पैसे कित्याक घालवतास?" पण तेच महत्त्वाचं होतं. मुलांच्या हाडांत ठिकठिकाणी काळ्या फटी दिसतात. त्यातली कुठली नेहमीची आणि कुठली रुंदावलेली, हे दुसऱ्या हाताशी ताडून पाहिल्यावरच नीट कळतं. दोन्ही फिल्म शेजारी लावल्या तेव्हा मलाही फरक दिसला. उजव्या कोपराच्या आतल्या उंचवट्यापाशी फट जास्त रुंद होती. तुकडा सुटलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत."

आजोबांना समजावताना मला चिऱ्याची आठवण झाली. खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा मऊ असतो, हत्यारानं सहज तासता येतो. वारा लागत जातो तसा तो कडक होतो. मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती अशीच. कोपराच्या आतल्या उंचवट्याची कूर्चा मुलग्यांत साधारण 15 ते 17 व्या वर्षी हाडाशी पूर्ण जुळते. तोवर तिथला सांधा बांधणारा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, त्या कूर्चेपेक्षा मजबूत असतो. मोठ्या माणसानं फार फेकलं तर लिगामेंट फाटतं. मुलाचं लिगामेंट टिकतं आणि ज्या हाडाला ते चिकटलेलं आहे तेच ओढून सैल होतं. आजोबांनी मान डोलावली. "म्हंजे चिरो ओलो हा, आणि आमी तेच्यार माडी चढवतंव."

अमेरिकेत या दुखण्याला 1960 पासून 'लिटल लीगर्स एल्बो' म्हणतात, तिथल्या मुलांच्या बेसबॉल लीगवरून.

पिचिंगमध्ये हात मागे वळून खांदा शेवटपर्यंत उलटा फिरतो आणि तिथून पुढे झेपावतो. नेमक्या त्या वळणावर कोपर बाहेरच्या अंगानं दाबलं जातं आणि आतल्या अंगानं फाकतं. प्रौढ व्यावसायिक पिचरच्या कोपरावर त्या क्षणी साधारण 64 न्यूटन-मीटर इतका पीळ मोजलेला आहे, म्हणजे कोपरापासून एक मीटर लांब काठीच्या टोकाला साडेसहा किलो वजन टांगल्यासारखा. खांदा पुढे फिरतो तो वेग सेकंदाला सुमारे 7000 अंशांचा. त्या वेगानं पूर्ण सेकंद फिरत राहिला तर 19 फेरे होतील. मुलाचे आकडे याहून कमी, पण मुलाचा चिराही ओला.

वाडीतल्या एका तरुणानं मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. "सर, टॉमी जॉन ऑपरेशन केलं की हात आधीपेक्षा जोरात चालतो म्हणे. त्याचं करून टाकूया." हा गैरसमज अमेरिकेतही पालकांमध्ये आहे. 1974 साली लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला. तो 1976 मध्ये परतला आणि पुढे 164 सामने जिंकला, हे खरं. पण फाटलेल्या लिगामेंटची ती दुरुस्ती आहे. जोर वाढवण्यासाठी कुणी निरोगी कोपर उघडत नाही. आमच्या मुलाच्या दुखण्याशी तर तिचा संबंधच नव्हता. त्याला हवी होती विश्रांती. किमान सहा आठवडे एकही फेक नाही.

फेकींचा हिशेब

पहिला विचार मनात आला तो असा, की आमचा सराव एवढा कुठे आहे? आठवड्यातून तीन दिवस, तासभर. एवढ्यानं हाड कसं फाकेल?

म्हणून एक दोनशे पानी वही घेऊन मी मुलाजवळ बसलो. गेल्या ऑगस्टपासूनचे महिने ओळीनं लिहिले आणि प्रत्येक महिन्यात त्यानं कुठे कुठे काय फेकलं ते विचारत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या.

ऑगस्ट ते नोव्हेंबर शाळेचा बेसबॉल. नोव्हेंबरअखेर भात कापून मळे मोकळे झाले की टेनिस बॉल क्रिकेट. डिसेंबरपासून शिमग्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवार एखाद्या वाडीच्या स्पर्धेत. फेब्रुवारीत कैरी धरली की बाग. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर वानरांवर दगड. एप्रिलमध्ये पुन्हा माझा उन्हाळी सराव. मोकळे महिने उरले फक्त जून आणि जुलै.

बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटनं शस्त्रक्रिया झालेल्या 95 किशोर पिचर्सची तुलना कधीच मोठी दुखापत न झालेल्या 45 जणांशी केली होती. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त काळ स्पर्धेत टाकणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेचा धोका पाचपट आढळला. आमच्या वहीत दहा महिने भरले होते.

क्रिकेटवाले म्हणाले, टेनिस बॉल हलका, त्यानं काय होतंय. टेनिसचा चेंडू 60 ग्रॅमच्या आत, बेसबॉल 142 ते 149 ग्रॅम, हे बरोबर. एका फेकीमागचा भार कमी असतो, पण हात त्याच झोकात येतो. हा मुलगा सीमारेषेवर उभा राहायचा, कारण त्याची थ्रो थेट स्टंपवर पडायची. गोलंदाजीत कोपर सरळ ठेवायचं असतं आणि भार जास्त खांद्यावर नि कमरेवर येतो. पण सीमेवरची थ्रो म्हणजे कोपरासाठी पिचरची फेकच. शिवाय वाडीच्या स्पर्धांत हात वाकवून फेकलेला चेंडू पंच पुष्कळदा चालवून घेतात, आणि याला गोलंदाजीही तशीच करायला लावत.

राहिली बाग. मुलगा आता विश्रांतीवर होता म्हणून त्याच्या जागी धाकटा चुलतभाऊ राखण करत होता. एका सकाळी साडेसहा ते साडेआठ मी बागेत बसून त्याच्या फेकी मोजल्या. दोन तासांत 112 दगड. तेही हात गरम न करता, झोपेतून उठून, उतारावर एका पायावर तोल सावरत, प्रत्येक दगड वेगळ्या वजनाचा. यातले निम्मेच जोराचे धरले तरी आमच्या सरावात पिचर टाकतो तेवढे झाले. आणि संध्याकाळ अजून बाकी होती.

मी माझे चेंडू मोजत होतो, तेही अंदाजानं. क्रिकेट मंडळ त्यांची षटकं मोजत होतं. आजी फक्त आंबे मोजत होती. हात मात्र एकच होता, आणि तिन्ही मैदानांचं मिळून किती झालं हे कुणीच मोजत नव्हतं. या प्रकरणात मला सापडलेलं खरं कारण हे. एखादा वाईट दिवस, एखादी चुकीची फेक शोधत बसलो असतो तर ते हाती लागलं नसतं.

माझ्या हातून झालेलं

बागेवर आणि मंडळावर बोट ठेवणं सोपं आहे. पण वहीत माझीही पानं होती.

जिल्हा स्पर्धेत एकाच दिवशी दोन सामने झाले. पहिला त्यानं पूर्ण टाकला. दुसऱ्यात आमच्या कॅचरला ताप भरला, तर मी यालाच मुखवटा चढवून मागे बसवलं आणि शेवटच्या दोन इनिंगना पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आणलं. स्कोअरशीटवर दोन्ही सामने मिळून 34 बॅटर त्याच्यासमोर आलेले दिसतात. एका बॅटरला चार चेंडू धरले तरी 136. प्रत्येक इनिंगआधीचे सरावाचे चेंडू वेगळे, कॅचर म्हणून पिचरकडे परत फेकलेले वेगळे.

अमेरिकेतली व्यावसायिक लीग मेजर लीग बेसबॉल आणि तिथली राष्ट्रीय संघटना यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13-14 वर्षांच्या मुलाची एका दिवसाची कमाल मर्यादा 95 पिच, म्हणजे बॅटरला टाकलेले चेंडू, आहे. 66 किंवा जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. 51 ते 65 ला तीन दिवस, 36 ते 50 ला दोन, 21 ते 35 ला एक. एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर दोन्ही नको. वर्षातून किमान चार महिने फेक बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. हे सगळं मोबाइलवर सहज मिळतं. मी शोधलं ते एप्रिलमध्ये.

अंतराचंही तसंच. लिटल लीगमध्ये 12 वर्षांपर्यंतची मुलं 46 फुटांवरून टाकतात. मोठ्यांचं अंतर 60 फूट 6 इंच. विभागात गेल्यावर बावरायला नको म्हणून मी सातवीपासूनच मुलांना मोठ्यांच्या अंतरावरून टाकायला लावत होतो. चेंडू पोचवण्यासाठी ती पाय विसरून नुसत्या हातानं ओढत. कातळावर बारीक खडी असते, पुढचा पाय घसरेल म्हणून पाऊलही आखूड पडतं. पिचरचं पाऊल त्याच्या उंचीच्या आसपास लांब पडायला हवं. माझ्या मुलाचं निम्म्याहून थोडंच जास्त पडत होतं. पाय आणि कंबर जे काम करणार ते सगळं कोपरावर आलं.

आणि एक गोष्ट जी आठवली की अजून झोप लागत नाही. नोव्हेंबरमध्ये विभागाच्या सामन्याआधी तो मला म्हणाला होता, "सर, हात जड झालोहा." मी म्हणालो, "दोन चेंडू टाक, गरम झाला की मोकळा होईल." त्याच 95 पिचर्सच्या अभ्यासात सगळ्यांत मोठा आकडा कशाचा होता? थकलेल्या हातानं नेहमी टाकत राहण्याचा. धोका 36 पट. वेग, उंची, वय, कशाचाच आकडा त्याच्या जवळपास नाही. मुलानं मला नेमकं तेच सांगितलं होतं, त्याच्या शब्दांत, आणि मी ऐकलं नाही.

शिमग्याला त्याचे वडील मुंबईहून आले होते. वाडीची रात्रीची स्पर्धा होती. कोपर तेव्हा चांगलंच दुखत होतं, हे त्यानं मे महिन्यात मला सांगितलं. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून, ती घेऊन तो खेळला. चार सामने. मी विचारलं, "असं का केलंस बाळा?" तो खाली बघत म्हणाला, "बापूस वर्षातसून दोनदा येता, सर. तेंका माझो खेळ बघूचो होतो."

दुखणं हा हाताचा एकमेव निरोप असतो. गोळीनं तो अडवला तर मूल फाटेपर्यंत फेकत राहतं. म्हणून आता माझा एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. फेकण्यासाठी गोळी घ्यावी लागत असेल तर त्या दिवशी फेकायचं नाही. दंडाच्या मागच्या स्नायूत, पसरट, दुसऱ्या दिवशी उमटणारं आणि दोन दिवसांत ओसरणारं दुखणं कामाचं असतं. बोट ठेवून दाखवता येतं असं, हाडावर किंवा सांध्यात, फेकताना होणारं दुखणं वेगळं. तिथे थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

विश्रांती आणि परत येणं

वडिलांचा फोन आला. "मास्तरांनू, खरां सांगा, झिलाचो हात बरो होतलो मा?" मी म्हणालो, होईल, पण सहा आठवडे दगडसुद्धा उचलायचा नाही, आणि ऑगस्टपर्यंत पिचिंग नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मे महिन्यातली स्पर्धा?" मी नाही म्हणालो. मंडळाची मुलंही येऊन गेली. जिद्द पाहिजे सर, जपानी मुलं बघा, कशी खेळतात.

जपानचंच उदाहरण मी त्यांना दिलं. कोशिएनची शालेय स्पर्धा म्हणजे तिथला सण. 2018 च्या उन्हाळ्यात कानाआशी कृषी शाळेच्या योशिदा या एका पिचरनं त्या स्पर्धेत 881 चेंडू टाकले. सगळा देश भारावला, पण त्याचबरोबर मुलांच्या हाताविषयी वादही पेटला. 2020 पासून तिथल्या शालेय बेसबॉल महासंघानं एका पिचरला आठवड्यात 500 चेंडूंची मर्यादा घातली. जिद्दीसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांनीही शेवटी मोजायला सुरुवात केली. मुलं गप्प बसली. पटलं की नाही माहीत नाही, पण पुन्हा बोलवायला आली नाहीत.

वानरांचा प्रश्न शिल्लक होता. आजोबांचं वर्षाचं उत्पन्न त्या कलमांवर आहे, त्यांना "दगड मारू नका" एवढंच सांगून भागत नाही. आम्ही बागेच्या दोन टोकांना पत्र्याचे डबे बांधले आणि त्यांना दोरी लावून दोरी घरापर्यंत आणली. शेजारच्या दोन बागा मिळून एक राखणदार ठेवायचंही ठरलं. वानरं चार-पाच दिवसांत आवाजाला सरावतात, मग डब्यांची जागा बदलावी लागते. यंदा आंबा थोडा जास्त गेला. आजीनं ते बोलून दाखवलं, पण नातवाला बागेत पाठवलं नाही. चुलतभावालाही नाही.

सहा आठवड्यांत मुलगा रिकामा नव्हता. किनाऱ्यावर ओल्या वाळूत धावणं, एका पायावर तोल धरणं, पोटाचे आणि कमरेचे व्यायाम, खांद्यामागची फऱ्याची हाडं मागे खेचून धरणं. कणकवलीच्या फिजिओथेरपिस्टनी मनगटाचे आणि खांद्याचे हलके व्यायाम दिले, तेही दुखणं पूर्ण गेल्यावर. सरावाला येऊन तो वही घेऊन बसायचा आणि इतरांचे चेंडू मोजायचा. हे मी त्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं काम होतं. पण तिसऱ्याच दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, ह्येचो 40 नंतर पाय पुढे पडना नाय." बघितलं तर खरंच. थकवा हातात दिसण्याआधी पायात दिसतो, हे मला त्यानं दाखवलं.

मेअखेर पुन्हा तपासणी झाली. कोपर पूर्ण सरळ होत होतं, दाबल्यावर दुखत नव्हतं. जूनमध्ये पाऊस लागला आणि शाळेच्या पडवीत आम्ही सुरुवात केली. पडवी 11 मीटर लांब, म्हणजे 30 फुटांच्या थ्रोला पुरेशी. पहिल्या आठवड्यात दिवसाआड 25 फेकी, सावकाश, कमानीतल्या. मग दहा मिनिटं थांबून आणखी 25. नंतर सभागृहात 45 फूट. एका पायरीवर दोन-तीन सत्रं काहीही न दुखता झाली तर पुढची पायरी, दुखलं तर एक पायरी मागे. तो एकदाच मागे आला, जुलैत, 60 फुटांवर. त्या दिवशी चेंडू भिजलेला होता. कातडं पाणी पितं, चेंडू जड होतो, निसटू नये म्हणून मूल घट्ट आवळतं आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या स्नायूंवर येतो. त्यानंतर ओला चेंडू बाद.

आमच्याकडे एप्रिल ते मे कडक ऊन आणि जून-जुलै धो धो पाऊस. पिच स्मार्टला जे चार महिने हवेत ते कोकणात निसर्गानंच राखून ठेवले आहेत. फक्त उन्हाळी शिबिर भरवायची हौस सोडावी लागते. मी यंदापासून सोडली.

ऑगस्टच्या मध्यावर तो माउंडवर आला. माउंड म्हणजे आम्ही यंदा चिऱ्यांच्या चौकटीत लाल माती चोपून केलेला उंचवटा. नियमाप्रमाणे उंची 10 इंच असते, आमचा जरा कमीच भरला, पण मातीत पाय रुततो आणि पाऊल लांब पडतं. अंतर कमी करून 50 फुटांवर आणलं. जानेवारीत फोनवर बघून तो मनगट पिळून कर्व्ह, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, टाकायला शिकला होता, तो थांबवला. कर्व्हमुळेच कोपर बिघडतं असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, संख्या आणि थकवा हेच मोठे दोषी आहेत. पण फास्टबॉल अजून स्थिर नसताना हे दुसरं हत्यार कशाला? त्याऐवजी चेंजअप दिला. चेंडू तळव्यात खोल धरायचा, हात तेवढ्याच झोकात आणायचा, चेंडू आपोआप हळू जातो. त्यात कोपराला वेगळं काही करावं लागत नाही.

आणि आणखी दोन पिचर तयार केले. खरं तर हे सगळ्यांत आधी करायला हवं होतं. एकच पिचर असला की मोजणी कितीही कर, निकराच्या वेळी प्रशिक्षकाचा हात त्याच्याकडेच जातो. माझा गेला होता.

सप्टेंबरअखेर

यंदाच्या जिल्हा स्पर्धेत पहिल्या सामन्यात तो सुंदर टाकत होता. आम्ही एका धावेनं पुढे. त्याची मर्यादा मी आधीच 50 ठरवली होती. सामन्याआधी त्याला, कॅचरला आणि त्याच्या वडिलांनाही फोनवर सांगितली होती. बाकावर बसून मोजणारा सातवीतला मुलगा 48 ला उभा राहिला. 50 व्या चेंडूवर बॅटर बाद झाला. मी मैदानात गेलो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर माझे पाय अडखळले. मग त्यानं चेंडू माझ्या हातात दिला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या पिचरनं दोन बॅटर चालत सोडले, म्हणजे बाहेर चेंडू टाकून त्यांना पहिला बेस फुकट दिला, एक फटका बसला, आणि आम्ही एका धावेनं हरलो. विभागाला यंदा जाता आलं नाही.

एसटीत परतताना कुणी फार बोलत नव्हतं. हरलो याचं दुःख मलाही होतं, अजून आहे. देवगड जवळ आल्यावर तो मागच्या सीटवरून पुढे आला, माझ्या पिशवीतून वही काढली आणि त्या दिवसाच्या रकान्यात 50 लिहून पुढचे दोन दिवस आडवी रेघ मारून बंद केले. मी विचारलं, कोपर कसं आहे. त्यानं हात पुढे करून तळवा वर केला. सरळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांचा फोन आला. माडावर वानरं आली होती, आणि त्यांना विचारायचं होतं की नातवाला नुसता डबा वाजवायला पाठवला तर चालेल ना.